लाटेच्या आतला उजेड

गेले चार-पाच दिवस रोज रात्री झोपायच्या आधी मी एकच चित्र उघडून बसतेय. डच चित्रकार व्हॅन गॉगचा समुद्र. १८८८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सँत-मारी-द-ला-मेर नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळ काढलेला, आता ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. त्याची सूर्यफुलं सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण हा समुद्र फारसा कुणी दाखवत नाही, आणि मला तर आता हाच जास्त आवडायला लागलाय.

समुद्राच्या चित्रात मी नेहमी आधी सूर्य शोधते, निदान पाण्यावरचा चकाकणारा पट्टा तरी. इथे दोन्ही नाहीत. आकाश फिकट आणि ढगाळ, वारा सुटलाय, शिडाच्या होड्या निघाल्यात, एक जराशी जवळ आणि बाकीच्या पार लांब. मग चित्र एवढं उजळ का वाटतं? झूम केल्यावर कळलं. लाटांच्या निळ्यात आणि पांढऱ्यात त्याने हिरवा आणि पिवळा घातलाय. लाट फुटायच्या जरासं आधी तिचा वरचा भाग पातळ होतो आणि पलीकडचा उजेड तिच्यातून आरपार येतो, किनाऱ्यावर उभं राहून कधी बघितलंय ना? तेच आहे हे. उजेड पाण्यावर पडलेला नाहीये, पाण्याच्या आत आहे. आणि तो नाजूक ब्रशने नाही, बराचसा पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने लावलाय, इतकी पारदर्शक गोष्ट एवढ्या जाड, भिंतीला गिलावा करावा तशा रंगातून आणलीय, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

भावाला, थिओला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की भूमध्य समुद्राचा रंग बांगड्यासारखा आहे, सारखा बदलणारा, हिरवा म्हणावा की जांभळा कळत नाही, निळा म्हणावा तर पुढच्या क्षणी त्यावर गुलाबी किंवा करडी झाक आलेली असते. बांगडा! ताजा बांगडा हातात घेऊन जरा तिरका केला की पाठीवरचे रंग कसे सरकतात, ते आठवा आणि मग चित्र परत बघा.

याच माणसाने १८८२ मध्ये नेदरलँड्समधल्या शेवेनिंगेनचा समुद्र काढला होता. वादळी हवा, करडं पाणी, वाऱ्याने उडालेली वाळू ओल्या रंगात चिकटलेली. (हे चित्र २००२ मध्ये चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये सापडलं.) तेही मला आवडतं, पण त्यात जीव दडपतो. मधल्या सहा वर्षांत तो काही काळ पॅरिसला राहिला, बदलता उजेड पकडू बघणाऱ्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं जवळून पाहिली, लाल-हिरव्यासारखे विरोधी रंग शेजारी ठेवले की दोन्ही कसे पेटतात ते शिकला, आणि मग दक्षिणेकडचं ऊन. इथेही समुद्र खवळलेलाच आहे, लाटा अंगावर येतात, पण भीती नाही वाटत, उलट होडीत बसून निघावंसं वाटतं. पाणी तेच, मूड पार वेगळा, आणि माझ्या मते तो सगळा त्या हिरव्या-पिवळ्यामुळे.

आणि सही! खाली डाव्या कोपऱ्यात भडक लाल अक्षरांत ‘व्हिन्सेंट’. पहिल्यांदा मला ती खटकली होती, एवढ्या सुंदर पाण्यावर एवढं मोठं नाव कशाला? नंतर वाचलं की हिरव्यात लाल रंगाचा एक ठिपका हवा म्हणून त्याने ती मुद्दाम तशी केली होती. काल मी ती अंगठ्याने झाकून बघितली. लाटा एकदम थंड पडल्या, बोट काढलं की हिरवा परत जागा. तीन-चार वेळा केलं, दर वेळी तेच.