दुसऱ्या व्यक्तीचे नाव

रविवार, रात्री साडेअकरा

कुत्र्याच्या पिल्लासाठीचा अर्ज अजून टेबलावरच पडून आहे. तीन पानांपैकी अडीच पाने मी काल दुपारीच भरली. घर स्वतःचे आहे का, बाल्कनीला जाळी आहे का, दिवसातले किती तास पिल्लू एकटे राहील, घरात आणखी कोणी प्राणी आहे का, या सगळ्याची उत्तरे सुवाच्य अक्षरात लिहिताना मला मनापासून आनंद होत होता, कारण गेले दोन महिने मी केलेली तयारी कोणीतरी विचारावी असे मला आतून वाटतच होते. मग तिसऱ्या पानाच्या तळाशी ती ओळ आली : ‘आपल्या अनुपस्थितीत पिल्लाची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव, नाते आणि सही.’ तिथे पेन थांबले ते थांबलेच.

नाव सुचलेच नाही असे नाही. दादाचे नाव सुचले, पण त्या फोननंतर ते लिहिणे शक्य नाही. भाचीचे लिहिता येईल, ती आनंदाने होकारही देईल. पण पिल्लाला अपरात्री उलट्या सुरू झाल्या तर ती इतक्या लांबून काय करणार? ऑफिसातल्या दोघी-तिघींची नावे मी मनातल्या मनात त्या ओळीवर ठेवून पाहिली आणि प्रत्येक वेळी ‘नाते’ या शब्दापाशी येऊन अडले. मग अर्ज पालथा घातला, भांडी आवरली, आणि तरीही ती ओळ डोळ्यांसमोरून जाईना.

आज सकाळी मन दुसरीकडे वळवावे म्हणून पुन्हा एकदा गुडघे टेकून सारे घर फिरले. पिल्लू आणण्याआधी घर त्याच्या उंचीवरून पाहावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते किती खरे आहे हे जमिनीपासून वीतभर अंतरावर डोळे नेल्याशिवाय समजत नाही. उभ्याने नीटनेटके दिसणारे घर खालून पाहिले की वायरींचे, फटींचे आणि लोंबणाऱ्या टोकांचे होऊन जाते. टीव्हीमागचा गुंता मी पट्टीने बांधून वर उचलला, कपाटाखालची फट लाकडी पट्टी ठोकून बंद केली. पलंगाखाली हात घातला तेव्हा भिंतीच्या कडेला एक गोळी सापडली. पांढरी, कडेने किंचित झिजलेली, धुळीचा करडा धागा गुंडाळलेली. माझीच, रक्तदाबाची, कधीतरी हातातून निसटली असणार. मला ती रोज लागते, आणि दीड-दोन किलोच्या जिवाने गिळली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. मी ती तळहातावर घेऊन बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले.

त्या ओळीने मला एवढे का टोचावे, याचे उत्तर बहुधा त्या गोळीत आहे. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. हिशेब अवघड नाही. तो मी पहिल्याच दिवशी केला होता आणि सोयीस्करपणे बाजूला ठेवला होता. तेव्हा मी सत्तरीला टेकलेली असेन. माझे काही झाले तर, हे शब्द अर्जात कुठेही नाहीत. तिथे फक्त ‘अनुपस्थितीत’ असे सभ्य शब्दात लिहिले आहे. पण मला ते तसेच वाचता येईना. मला ते असे ऐकू आले की, बाई, तुमचे कोणी आहे का?

खरे तर माझी तयारी कमी नाही. पिल्लाला पुढच्या रविवारी आठ आठवडे पूर्ण होतील. त्याआधी आईपासून तोडायचे नाही हे मला पाठ आहे. पहिली लस सहाव्या आठवड्यात झाली, पुढच्या लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतील आणि रेबीजची लस तीन महिन्यांचा झाला की द्यायची आहे. जंताचे औषध सध्या दर पंधरा दिवसांनी. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले काहीही त्याच्या वाटेला जाता कामा नये. दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही, म्हणून रात्री एकदा तरी गजर लावून उठायचे आहे, आणि चुकून घरात झाले तर रागवायचे नाही, कारण त्यातून ते फक्त लपून करायला शिकते.

एक गोष्ट मात्र मी वाचली तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. पिल्लाचे मन जगासाठी सर्वांत मोकळे असते ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत. या काळात जी माणसे, जे आवाज, जे वास त्याला भीतीशिवाय भेटतात ते त्याला जन्मभर आपले वाटतात. जे भेटत नाहीत त्यांच्याविषयी पुढे संशय राहतो. आणि नेमक्या याच काळात लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांच्या धास्तीने, जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचे नसते. मग करायचे काय? त्याला उचलून घ्यायचे आणि जग दाखवायचे. छत्री, दाढी, काठी, रडणारे मूल, गाडीचा भोंगा, हे सगळे माझ्या हातांत राहून त्याने पाहायचे. शिवाय वेगवेगळी माणसे घरी येऊ द्यायची, त्यांच्या मांडीवर त्याला बसू द्यायचे.

वेगवेगळी माणसे. मी वहीत तशी यादी करायला घेतली होती आणि तीन नावांवर ती संपली. त्या वेळी मला काही वाटले नव्हते. आज ती वही उघडली आणि रडू आले. इतकी वर्षे मी कोणावर भार टाकला नाही, कोणाच्या दारी काही मागायला गेले नाही, आणि याला मी माझा गुण समजत आले. आता एक सात आठवड्यांचे पिल्लू येऊ घातले आहे तर त्या गुणापायी त्याच्या वाट्याला एक रिकामी ओळ येणार. आईच्या वेळीही, पण ते आज नको.

झोप येत नव्हती म्हणून हाचिको या जपानी कुत्र्याविषयी पुन्हा वाचत बसले. कथा सर्वांना ठाऊक आहे. टोकियोचे प्राध्यापक उएनो 21 मे 1925 रोजी कामावर असतानाच वारले, तेव्हा कुत्रा दीड वर्षाचा होता. त्यानंतर 8 मार्च 1935 ला मरेपर्यंत तो शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. मीही ही गोष्ट नेहमी त्या वाट पाहण्यापाशी येऊन डोळे पुसत संपवली होती. आज प्रथमच मनात आले की जवळजवळ दहा वर्षे या कुत्र्याला खायला कोण घालत होते? संध्याकाळी गाडी येऊन गेली, मालक उतरला नाही, आणि मग? मग तो कोणाच्या दारी परतत होता?

त्याला माणूस होता. उएनो यांच्याकडे पूर्वी माळीकाम केलेले कोबायाशी नावाचे गृहस्थ स्थानकाजवळच राहत होते, त्यांनी त्याला ठेवून घेतले आणि त्याचे सगळे पाहिले. स्थानकाबाहेरच्या पुतळ्यात एकटा कुत्राच आहे. ज्याच्या घरून तो रोज निघत असे आणि ज्याच्या घरी परतत असे, त्या माळ्याचे नाव इतक्या वर्षांत मी एकदाही लक्षात ठेवले नव्हते. अर्जातली ती ओळ अशा माळ्यासाठी आहे. तिथे माझे कोण आहे असे कोणी विचारलेलेच नाही. पिल्लाचे कोण असेल, एवढेच विचारले आहे.

एक वाजून गेला. अर्ज सुलटा करून ठेवला आहे.

सोमवार, संध्याकाळ

आज दिवसभर कामात असताना एकच गोष्ट आठवत होती, की माझ्या घराची दुसरी किल्ली गेली चार वर्षे समोरच्या वहिनींच्या दारामागच्या खिळ्याला लटकते आहे. गॅस राहिला असे वाटून मी त्यांना दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा त्या हातातले काम टाकून आत जाऊन पाहून आल्या होत्या. हे मी मागणे समजलेच नव्हते, म्हणून मला ते मोजता आले नाही.

तरीही दार वाजवताना हात जड झाला होता. मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि पाठ केल्यासारखे सगळे एका दमात बोलून गेले : रोजचे काही नाही, मी आजारी पडले किंवा बाहेरगावी गेले तरच, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलेला असेल, खर्चाचे पैसे वेगळे ठेवलेले असतील, आणि नको वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. वहिनींनी चष्मा लावून तिन्ही पाने वाचली. मला वाटले होते त्या फक्त खालची ओळ पाहतील.

“ताई, मला कुत्र्यांची सवय नाही,” त्या म्हणाल्या. “लहानपणी एक मागे लागले होते, तेव्हापासून जरा भीतीच आहे. सही मी आत्ता करत नाही. आधी त्याला बघते.”

मी म्हटले, “चालेल की, वहिनी.” आणि ते मला खरेच चालण्यासारखे वाटले. काल रात्री हाच ‘आत्ता नाही’ मी नकार म्हणून घरी घेऊन आले असते. आज मला एवढेच दिसले की होकार देण्याआधी पिल्लाला भेटू इच्छिणारे माणूस हे न पाहता सही करणाऱ्यापेक्षा त्याच्या अधिक कामाचे आहे. पुढच्या रविवारी त्या माझ्याबरोबर त्याला आणायला येणार आहेत. भीती वाटत असेल तर आधी त्याच्याकडे थेट न पाहता बाजूला बसा, हात खाली ठेवा, त्याचे त्याला येऊ द्या, असे मी त्यांना सांगितले. पिल्लाच्या बाबतीत मला जे सांगितले होते तेच मी त्यांना सांगत होते, हे बोलता बोलता माझ्या लक्षात आले.

निघताना मी सहज म्हणाले की एक जुने मऊ फडके शोधायचे आहे. ते आठवडाभर आईच्या आणि भावंडांच्या अंथरुणात ठेवले की त्यांचा वास त्यात मुरतो आणि नव्या घरातल्या पहिल्या काही रात्री पिल्लू त्याला बिलगून जरा कमी रडते. वहिनी आत गेल्या आणि कपाटाच्या तळातून नातवाची लहानपणची दुपट्याएवढी गोधडी घेऊन आल्या. इतक्या धुण्यांनी तिचे टाके जागोजागी उसवले आहेत आणि मूळचा रंग निळा होता की हिरवा हे आता सांगता येत नाही. एका कोपऱ्यात दोरा सुटून लोंबत होता. तो पिल्लाच्या पोटात जाईल म्हणून त्यांनी तिथेच कात्रीने कापला आणि कडेने आणखी कुठे सुटला आहे का हे बोटांनी चाचपून पाहिले.

गोधडी पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे. उद्या ऑफिसला जाण्याआधी ती तिकडे पोचवायची आहे, म्हणजे पाच दिवस मिळतील.