भाऊबीजेची ओवाळणी: सांधण दरी

दिवाळी जवळ आली की ओळखीतून हमखास एक विचारणा येते. बहिणीला किंवा भाच्याला डोंगरांची ओढ लागली आहे, भेट म्हणून सॅक कुठली घेऊ, बूट कुठले घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. काहीही घेऊ नका, त्यांना घेऊन जा. तेही जाणत्या वाटाड्याबरोबर, दोर आणि हार्नेस (कंबर-मांड्यांना आवळायचा पट्ट्यांचा साज) लागेल अशा एखाद्या ठिकाणी. ज्याने अजून डोंगर पाहिलेला नाही, त्याला कुठली सॅक पाठीला बसते आणि कुठला बूट टाचेला चावतो हे कळणार कसं? ते कळतं दिवसभर चालल्यावर, आणि तो दिवसच देण्यासारखा आहे.

भाऊबीजेला ताईने ओवाळल्यावर मी ताटात पाकीट ठेवलं. त्यात चिठ्ठी होती: 'सांधण दरी. डिसेंबर ते मार्च यांतले तुला जमतील ते सलग दोन दिवस. वाटाड्या, दोर, जेवण, मुक्काम, गाडी माझ्याकडे. मुलांचे डबे आणि शाळा दाजींकडे.' शेवटची ओळ दाजींना आधी विचारूनच लिहिली होती. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला द्यायच्या भेटीत ती ओळ सगळ्यांत महत्त्वाची. सहलीचे पैसे भरायला कुणीही तयार होईल, पण मागे घर कोण बघणार हे ठरलेलं नसेल तर चिठ्ठी देव्हाऱ्यामागे पडून राहते. तारीख मात्र आपण ठरवू नये. तिची पाळी, ऑफिसचं काम, मुलांच्या परीक्षा, सगळं तिला बघू द्यावं. आम्ही जानेवारीतले शुक्रवार-शनिवार गाठले.

सांधणच का? अकोले तालुक्यातल्या साम्रद गावालगत सह्याद्रीच्या काळ्या कातळाला पडलेली ही प्रचंड भेग आहे. जवळपास 2 किलोमीटर लांब आणि 200 फुटांहून अधिक खोल. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. किल्ल्यावर आपण चढतो, इथे पठारावरून थेट जमिनीच्या पोटात उतरतो. नवख्या माणसाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट अशी की, दरीचा पहिला टप्पा दोराशिवाय पाहून आल्या वाटेने परतता येतं. पुढे उतरायचं की नाही हे आत गेल्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवता येतं. भेट देताना मला हेच हवं होतं.

आयोजक निवडताना मी तिघांशी बोललो. फोनवर एकच गोष्ट बारकाईने विचारली: "पहिल्या रॅपलिंगपाशी, म्हणजे दोराने कडा उतरायच्या जागी, माझ्या बहिणीने नाही म्हटलं तर?" एकाने सांगितलं, "नाही म्हणत कुणी, आम्ही उतरवतोच." तिथेच फोन ठेवला. ज्यांच्याबरोबर गेलो त्यांनी सांगितलं की, एक माणूस केवळ परत नेण्यासाठी दोराच्या जागेपर्यंत येईल आणि सगळे उतरल्यावरच मागे फिरेल. ही तजवीज लागतेच, कारण दोराचा पहिला टप्पा उतरून दोर काढून घेतला की मागे फिरता येत नाही. नाही म्हणायची शेवटची जागा तीच. भेट घेणाऱ्याला तिथे मोकळेपणाने नाही म्हणता आलं पाहिजे. देणाऱ्याने पैसे भरलेत म्हणून कुणी कड्यावरून उतरू नये.

बाकी विचारायच्या गोष्टी अशा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, ती आहे का? दोर बांधायला दोन स्वतंत्र अँकर, म्हणजे पक्के आधार, वापरतात का? उतरणाऱ्याला मुख्य दोराशिवाय दुसरा सुरक्षा दोर, म्हणजे बिले, लावतात का? एका गटात किती माणसं असतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चाळीस-पन्नास आलं तर दुसरीकडे बघा. रॅपलिंगच्या तोंडाशी रांग लागते आणि थंडीत ओल्या कपड्यांनी दोन-दोन तास बसून राहावं लागतं. मोठ्या गटात माणशी साधारण दीड ते अडीच हजार रुपये लागतात, लहान गटाला त्याहून जास्त. तरी चांगली सॅक आणि चांगले बूट यांच्या बेरजेपेक्षा हे कमीच भरतं.

पुण्याहून आम्ही नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोहोचलो. वाटेतला चहा-नाश्ता धरून पाच-सहा तास सहज जातात. मुंबईकरांनी कसारा घाट चढून घोटीला वळावं आणि बारीवरून शेंडी गाठावी. लोकलने येणाऱ्यांना कसाऱ्यापर्यंत गाडी आहे, पुढे जीप आधी ठरवून ठेवावी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचा नाका लागतो आणि तिथे प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी लागते. शेंडीपासून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत रस्ता साम्रदला जातो. तो उजेडीच कापा, वळणं खूप आहेत आणि अंधारात गुरं बसलेली असतात. रोख पैसे आणि पेट्रोल दोन्हीची सोय राजूरपर्यंतच करून घ्या. पुढे मोबाइलच्या रेंजवर विसंबून राहू नका.

मुक्काम वाटाड्याच्याच घरी होता. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि या भागातला काळभात. जेवण झाल्यावर त्याने अंगणातच ताईला हार्नेस चढवला. कंबरेचा पट्टा किती आवळायचा, मांडीचे पट्टे कुठे बसतात, कॅराबिनरचा, म्हणजे दोर-हार्नेस जोडायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू कसा फिरवून बंद करायचा, हे तिच्या हातून दोन-तीनदा करून घेतलं. ओट्याच्या खांबाला दोर बांधून मागे रेलायलाही लावलं. तुम्ही जाल तेव्हा हा सराव आदल्या रात्री मागून घ्या. कड्याच्या टोकावर पहिल्यांदा हार्नेस हातात आला की सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.

सकाळी लवकर निघालो. गावातून दरीचं तोंड अर्ध्या तासाच्या आत येतं. तोंडाशी पिण्याच्या पाण्याचा झरा आहे, बाटल्या तिथे भरून घ्याव्यात. आत शिरलो आणि पाच मिनिटांत आकाशाची पट्टी उरली. पायाखाली वाट अशी नसतेच. बैलगाडीएवढे दगड एकमेकांवर पडलेले, त्यांवरून आणि त्यांच्या फटींतून जायचं. वाटाड्या पुढे राहून कुठल्या दगडावर पाय द्यायचा ते हाताने थोपटून दाखवत होता. काही दगड घट्ट बसलेले दिसतात आणि पाय पडताच डुलतात, ते त्याला पाठ होते.

मग पाण्याचे दोन डोह. पहिल्यात आम्ही गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलो, दुसऱ्यात कंबरेच्या वर. पावसाळ्यानंतर लगेच आलात तर दुसरा छातीपर्यंत असतो आणि मार्च-एप्रिलकडे ओसरत जातो. ऊन तळाशी पोहोचत नसल्याने पाणी भर दुपारीही गार असतं. इथे ताईने सॅक डोक्यावर धरली, एक हात भिंतीला लावला आणि मधोमध उभी राहिली. वर बघत म्हणाली, "अरे, ही भिंत घाम फुटल्यासारखी ओली आहे." कातळाच्या उभ्या चिरांमधून पाणी झिरपत होतं आणि त्या रेषांवर मखमली शेवाळ धरलं होतं. मी याआधी इथून गेलोय, पण पुढच्या दगडाकडे डोळे लावून. तिच्यामुळे मी थांबून वर पाहिलं.

पहिला रॅपलिंगचा टप्पा साधारण 45 फुटांचा. इथे वाटाड्याने ताईची वेणी टी-शर्टच्या आत खोचायला लावली आणि ओढणीसारखा बांधलेला स्कार्फ काढून सॅकमध्ये टाकायला सांगितला. केस किंवा कापड डिसेंडरमध्ये, म्हणजे ज्यातून दोर सरकतो त्या धातूच्या साधनात, अडकलं तर माणूस अर्ध्या कड्यावर लटकून राहतो. ही गोष्ट बायकांना आणि लांब केस ठेवणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी. मग त्याने तिच्या हार्नेसचा प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, कॅराबिनरचा स्क्रू तपासला, आणि दुसऱ्या माणसाने तेच सगळं पुन्हा तपासलं.

"ताई, पाय खांद्याइतके लांब. मागे रेलायचं, खुर्चीत बसल्यासारखं. उजवा हात कंबरेजवळ, तो काही झालं तरी सोडायचा नाही. बघायचं माझ्याकडे."

ती टाचा कडेवर टेकवून उभी राहिली. हा क्षण सगळ्यांनाच जड जातो, कारण पाठ रिकाम्या हवेकडे असते आणि शरीर पुढे झुकू पाहतं. पुढे झुकलं की पाय घसरतात. मागे रेललं तर तळवे कातळाला घट्ट बसतात. तिने विचारलं, "मी आत्ता नको म्हटलं तर?"

"तर हा दादा तुम्हाला घरी चहाला नेईल. तो त्यासाठीच आलाय."

ती त्या दादाकडे बघून हसली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोडा दोर." पहिली चार-पाच पावलं थरथरत, मग लय सापडली. खाली पोहोचल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर दोर मोकळा झाल्याचा आवाज वर दिला, जसं रात्री शिकवलं होतं तसं. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढे लहानसहान टप्पे येत राहतात, काही दोराला धरून, काही बसून घसरत. हेल्मेट मात्र रॅपलिंग संपलं म्हणून काढू नका. वरच्या कडेवरून माणसं किंवा माकडं दगड पाडतात, आणि अरुंद जागेत बाजूला व्हायलाही जागा नसते. कड्यांवर आग्या मोहळं असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका, शेकोटी-विडी नको, आरडाओरडा तर नकोच.

दरी संपते तिथे एकदम उजेड अंगावर येतो, समोर कोकणाकडचे डोंगर आणि एका बाजूला बाण सुळका. इथून दोन वाटा. खाली डेहणे गावात उतरून आसनगाव स्टेशनकडे जाता येतं, मुंबईकरांना ते सोयीचं. आमची गाडी साम्रदला होती, म्हणून करोली घाटाने पुन्हा वर आलो. हा चढ अडीच-तीन तासांचा, दगडांचा, दुपारच्या उन्हात जीव काढणारा. दिवसभरातलं सगळ्यांत दमवणारं काम हेच, त्यामुळे दरीतच सगळी ताकद आणि पाणी संपवू नका. माणशी 3 लिटर पाणी, गुळ-शेंगदाणे किंवा चिक्की, मीठ-साखरेची पुडी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ही भेट देण्याआधी दोनदा विचार करा, उतार आणि चढ दोन्ही एकाच दिवसात आहेत.

पावसाळ्यात दरीकडे फिरकूसुद्धा नका. वरच्या पठारावरचं सगळं पाणी याच भेगेतून धावतं. नोव्हेंबर ते मे हा हंगाम, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, तारीख बदला. आयोजकाशी बोलतानाच पावसामुळे तारीख बदलण्याची अट ठरवून घ्या. गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा हेल्पलाइन क्रमांक निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा, आणि घरी कुणाला तरी तुमची वाट व परतायची वेळ सांगून ठेवा.

सामानाचं म्हणाल तर ताईकडे घरातली जुनी कॉलेजची सॅक होती. बूट तिने अ‍ॅक्शनचे घेतले, ट्रेकवाल्यांत वर्षानुवर्षं चालणारे, स्वस्त आणि कातळावर पकड धरणारे. ते आठवडाभर आधी घालून फिरली होती. कोरडे कपडे आणि मोजे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाइल झिपच्या पाऊचमध्ये, डोक्याला बांधायची बॅटरी, हातमोजे. दोर, हार्नेस, हेल्मेट वाटाड्यांचं. हे सामान नवख्याला विकत घेऊन देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ते वापरायला आधी शिकावं लागतं, आणि घरी पडून राहिलेल्या हार्नेसचं वय कुणी मोजत नाही.

वाटाड्याला ठरलेले पैसे आयोजकामार्फत पोहोचतात, पण जेवण आणि मुक्कामाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात द्यावेत. भाकऱ्या तिने पहाटे उठून थापलेल्या असतात. जाताना तांदूळ, नाचणी, असतील तर हिरडे विकत घ्यावेत. कचरा अर्थातच सोबत परत आणावा. डोहात तरंगणाऱ्या वेफर्सच्या पिशव्या पाहून ताई इतकी चिडली की तिने हाताला लागतील तेवढ्या गोळा करून सॅकला बांधल्या.

आता ती रतनगड विचारते आहे. तुमच्या हाताशी आणखी एक दिवस असेल तर तोही जोडून करता येतो: रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ पाहून शिड्यांच्या वाटेने गड चढायचा आणि त्र्यंबक दरवाज्याने साम्रदकडे उतरायचं. मात्र तो सांधणच्या आदल्या दिवशी करा. करोली घाट चढून आल्यावर दुसऱ्या सकाळी पोटऱ्या ऐकत नाहीत. आणि त्र्यंबक दरवाज्याची वाट जंगलात फसवते, तेव्हा वाटाड्याला तेही आधीच सांगून ठेवा.