बेरिल बर्टन आणि हॅरोगेटचे ते हस्तांदोलन

रविवार, रात्र

गेले काही दिवस इंग्लंडच्या सायकलपटू बेरिल बर्टन यांच्याविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि कुठेही पाहिले तरी सुरुवातीला एकच गोष्ट सांगितलेली आढळते. सप्टेंबर १९६७ मध्ये यॉर्कशरात ऑटली सायकलिंग क्लबची बारा तासांची टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेकाने ठरावीक अंतराने सुटून बारा तासांत जास्तीत जास्त अंतर कापण्याची शर्यत. पुरुष आधी सुटले होते आणि बेरिलबाई त्यांच्यामागून निघाल्या. दिवसभरात त्या एकेकाला मागे टाकत गेल्या आणि शेवटी गाठायचे राहिले ते माइक मॅकनमारा, जे स्वतः त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या वाटेवर होते. त्यांच्या बरोबरीला आल्यावर काय बोलावे ते न सुचल्याने बाईंनी खिशातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांपैकी एक त्यांच्यापुढे धरली, त्यांनी ती आभार मानून घेतली, आणि बाई पुढे निघून गेल्या. बारा तास संपले तेव्हा मॅकनमारा यांचे अंतर होते २७६.५२ मैल, म्हणजे पुरुषांचा नवा विक्रम, आणि बेरिल यांचे २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर. पुरुषांचा विक्रम त्यांच्या आकड्यापुढे जायला आणखी दोन वर्षे लागली. स्त्रियांचा विक्रम म्हणून तो आकडा २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे टिकला. त्या वर्षी ॲलिस लेथब्रिज यांनी २८५.६५ मैल कापले.

गोष्ट खरी आहे आणि गोडही आहे, पण ती इतक्या आवडीने का सांगितली जाते, असा प्रश्न मला सारखा पडतो. मला वाटते, पुरुषाला मागे टाकणारी बाई निदान विनयशील तरी असावी, अशी सांगणाऱ्यांची इच्छा त्या गोळीने पुरी होते. बेरिल बर्टन यांच्या कारकिर्दीत दुसराही एक प्रसंग आहे, जो लोक शेवटी आणि जरा ओशाळून सांगतात. मला मात्र त्या बाईंची ओळख त्याच प्रसंगाने अधिक पटते. त्याकडे येतोच, पण आधीचे नोंदवून ठेवतो.

त्यांचा जन्म १९३७ मध्ये लीड्सला झाला. अकराव्या वर्षी मुलांना कोणत्या शाळेत जायचे हे ठरवणाऱ्या परीक्षेत त्या नापास झाल्या आणि त्याच सुमारास संधिज्वराने त्यांना गाठले. नऊ महिने रुग्णालयात आणि नंतर पंधरा महिने साउथपोर्टच्या आरोग्यधामात गेले, काही काळ हातपायही चालेनासे झाले होते, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी दमछाक होईल असे काही करू नये अशी ताकीद दिली. पुढे कापडाच्या कारखान्यात काम करताना चार्ली बर्टन भेटले, ते सायकलवेडे होते. १९५५ मध्ये लग्न झाले, पुढच्या वर्षी डेनिस ही मुलगी झाली. मॉर्ली सायकलिंग क्लबमध्ये सुरुवातीला चार्लींना बायकोला सांभाळून घ्यावे लागत होते. फार थोड्या काळात बाई सर्वांच्या पुढे गेल्या आणि चार्ली त्यांचे मेकॅनिक, सारथी आणि घर सांभाळणारे झाले. या माणसाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, पण आज नको.

पोटासाठी त्या निम कार्लाइन यांच्या शेतावर राबत होत्या. मॉर्लीचा परिसर रुबार्ब या आंबट देठांच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे, आणि कार्लाइन स्वतः चोवीस तासांच्या टाइम ट्रायलमधले राष्ट्रीय विजेते होते. खोदणे, ओझी उचलणे, हिवाळ्यात गारठलेल्या जमिनीत हात घालणे, हे सगळे करून सरावाला सायकल काढायची असा त्यांचा दिवस असे. सायकली बनवणाऱ्या रॅले कंपनीने व्यावसायिक होण्याचा प्रस्ताव दिला तेव्हा त्यांनी तो नाकारला. गरिबीतून शक्ती येते असे काहीसे या दिनक्रमाबद्दल लिहिले जाते, ते मला पटत नाही. शेतकामाने शरीर काटक झाले असेलही, पण बाहेरदेशी स्पर्धेला जाताना पैशांची जुळवाजुळव घरातूनच करावी लागत होती, त्यात कौतुक करण्यासारखे काय आहे?

स्त्रियांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी लिएजच्या ट्रॅकवर बेरिल पर्स्यूटमध्ये विजेत्या ठरल्या. पर्स्यूट म्हणजे ट्रॅकच्या दोन विरुद्ध बाजूंनी एकाच वेळी सुटलेले दोन स्पर्धक. स्त्रियांसाठी अंतर तेव्हा तीन किलोमीटर. समोरच्याला गाठले तर तिथेच जिंकलात, नाहीतर वेळ मोजली जाते. कुणाच्या आडोशाने जाणे नाही, डावपेच जवळजवळ नाहीत, त्यामुळे टाइम ट्रायलच्या रस्त्यावर घडलेल्या बाईंना हा प्रकार मानवला यात नवल नाही. १९६०, १९६२, १९६३ आणि १९६६ अशी आणखी चार जेतेपदे त्यांनी मिळवली. मधली १९६१, १९६४ आणि १९६५ ही वर्षे बेल्जियमच्या इव्होन रेंडर्स यांची होती, आणि त्यांपैकी पहिल्या दोन वेळी बेरिल दुसऱ्या आल्या. रस्त्यावरच्या शर्यतीतही त्या दोनदा जगज्जेत्या झाल्या, १९६० मध्ये लाइपझिगला आणि १९६७ मध्ये हेर्लेनला. घोळक्यात राहून शेवटी स्प्रिंट मारण्यापेक्षा एकटीने पुढे निघून जाणे ही त्यांची रीत होती. हेर्लेनचे जेतेपद आणि ती बारा तासांची टाइम ट्रायल एकाच महिन्यातली आहे, हे तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आले.

पंचवीस मैल एका तासाच्या आत, पन्नास मैल दोन तासांच्या आत आणि शंभर मैल चार तासांच्या आत कापणारी पहिली स्त्री त्याच. इंग्लंडमध्ये पंचवीस, पन्नास आणि शंभर मैलांच्या सरासरी वेगावरून स्त्रियांमधील वर्षाची सर्वोत्तम अष्टपैलू टाइम ट्रायलपटू ठरवत असत. १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षे तो मान त्यांच्याकडे होता. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची सायकल शर्यत पहिल्यांदा झाली १९८४ मध्ये लॉस एंजलिसला, तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. आणि त्यांचा हुकमी पर्स्यूट स्त्रियांसाठी आला थेट १९९२ मध्ये. ऑलिम्पिक पदक नसल्याने त्यांचे नाव इंग्लंडबाहेर फारसे पोहोचले नाही. हा दोष सर्वस्वी स्पर्धा भरवणाऱ्यांचा.

आता तो प्रसंग. डेनिसही सायकलपटू झाली होती आणि १९७५ मध्ये जागतिक पर्स्यूटमध्ये तिने कांस्यपदक मिळवले होते. १९७६ मध्ये हॅरोगेटला झालेल्या राष्ट्रीय रस्ता शर्यतीत मायलेकी एकत्र आघाडीवर राहिल्या आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये मुलीने आईला हरवले. विजेत्यांच्या चौथऱ्यावर आईने मुलीचा हात हातात घेतला नाही. पुढे आत्मचरित्रात बेरिल यांनी आपली बाजू मांडली आहे: आघाडी टिकवण्यासाठी सगळी मेहनत आपण केली, मुलीने आपला वाटा उचलला नाही, असे त्यांना त्या क्षणी वाटले. खिलाडूवृत्तीच्या दृष्टीने आपण चुकलो हेही त्यांनी तिथेच मान्य केले आहे.

या प्रसंगावर पांघरूण घालण्याचे कारण मला दिसत नाही. मॅकनमारा यांना गोळी देणारी आणि पोटच्या मुलीचा हात नाकारणारी बाई एकच आहे. पहिल्या वेळी ती पुढे जात होती आणि दुसऱ्या वेळी मागे पडली होती, एवढाच काय तो फरक. पंचवीस वर्षे कुणालाही पुढे जाऊ न देणाऱ्या माणसाकडून, समोर मुलगी आहे म्हणून, एका दुपारपुरती ती भूक बाजूला ठेवण्याची अपेक्षा आपण करतो, आणि एखाद्या बापाकडून ती इतक्या ठामपणे केली असती का याची मला शंका आहे. पुरुष खेळाडूंच्या अशा वागण्याला आपण जिद्द म्हणून मोकळे होतो. तरीही डेनिसच्या जागी उभे राहून पाहिले की बाजू घेणे अवघड होते. तिने आयुष्यातली सर्वांत मोठी शर्यत जिंकली होती आणि तिच्या शेजारी आई उभी होती.

१९८२ मध्ये दोघींनी मिळून टँडमवर, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवर, दहा मैलांचा ब्रिटिश विक्रम केला, वेळ २१ मिनिटे २५ सेकंद. पंचवीसाव्यांदा सर्वोत्तम अष्टपैलूचा मान मिळाला त्यानंतरच्या वर्षी. त्यानंतरही बाई शर्यती सोडायला तयार नव्हत्या. वेळ दरवर्षी वाढत होती आणि त्या पाठीवर नंबर लावून सुरुवातीच्या रेषेवर येतच होत्या. ज्या हृदयाला डॉक्टरांनी लहानपणी जपायला सांगितले होते, ते मे १९९६ मध्ये, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवसाची आमंत्रणे वाटायला त्या सायकलवरून निघाल्या असताना, वाटेतच थांबले.