मार्च एन्ड, आठवा महिना आणि रजेचा अर्ज

शनिवार, ७ मार्च

आज परत तोच प्रश्न. सकाळी कचरा द्यायला दार उघडलं तर समोरच्या काकू, "अगं अजून जातेस ऑफिसला? सुट्टी कधीपासून?" दुपारी मावशीचा फोन, पहिलं वाक्य तब्येत कशी आहे, दुसरं सुट्टी कधीपासून. गळ्यात एक पाटी अडकवून फिरावं असं वाटायला लागलंय. पण पाटीवर लिहायला तारीख तर पाहिजे ना, तीच ठरत नाहीये, म्हणून आज बसून लिहूनच काढते.

तर काल ३३ आठवडे पूर्ण झाले. डॉक्टरांनी दिलेली तारीख २४ एप्रिल. आणि मी अकाउंट्समध्ये. ज्याने एकदा तरी अकाउंट्समधला मार्च काढलाय त्याला यापुढे काही सांगायला नको. पार्ट्यांची बॅलन्स कन्फर्मेशन, प्रोव्हिजन्स, स्टॉक, फिक्स्ड ॲसेट रजिस्टर (कंपनीच्या मशीन-फर्निचरची यादी), आणि हे सगळं आवरतंय न आवरतंय तोवर एप्रिलमध्ये ऑडिटर येऊन बसणार. मार्चचा टीडीएस, म्हणजे कापून ठेवलेला टॅक्स, भरायची शेवटची तारीख ३० एप्रिल, म्हणजे बाळ ड्यू आधी आणि टीडीएस नंतर. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला निदान बाळाला लेट फी तरी नाही. त्याचं काय जातंय विनोद करायला, त्याच्या कंपनीत बापाला सुट्टी पाच दिवस, त्यात ठरवायचंच काय.

सगळा घोळ झाला तो एचआरमुळे. फेब्रुवारीत विचारलं तर तिथल्या मुलीने छातीठोकपणे सांगितलं की मॅडम, डिलिव्हरीच्या आधीचे आठ आठवडे तुम्हाला घ्यावेच लागतात, तसा नियम आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटीच बाहेर. मी घाबरलेच. मग घरी येऊन स्वतः कायदा वाचला तर तसं काही नाही. सुट्टी एकूण २६ आठवडे, २०१७ च्या आधी १२ होती, आणि त्यातली डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते. जास्तीत जास्त! घ्यावीच लागते असं कुठेही नाही, एक दिवसही आधी घेतली नाही तरी चालतं. सक्ती आहे ती नंतरची, डिलिव्हरीनंतर सहा आठवडे कंपनी तुम्हाला कामाला लावूच शकत नाही. सोमवारी जाऊन तिला दाखवलं तेव्हा "अच्छा, असं आहे होय" म्हणाली. तिच्या भरवशावर किती जणी आठवडे आधीच घरी गेल्या असतील कोण जाणे.

पण हे कळल्यावर सुटका झाली असं वाटलं ते फार टिकलं नाही, कारण मग मी एक्सेल उघडलं (उघडणारच, सवय). २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार, सणवार सगळे धरून. ते २७ फेब्रुवारीपासून मोजले असते तर २८ ऑगस्टला परत जॉइन, बाळ चार महिन्यांचं. १ एप्रिलपासून मोजले तर ३० सप्टेंबरला, बाळ पाच महिन्यांचं आणि वर थोडे दिवस. आणि पार कळा सुरू होईपर्यंत काम केलं, बाळानेही २४ चीच वेळ पाळली, तर २३ ऑक्टोबर, म्हणजे सहा महिन्यांना एक दिवस कमी. सहा महिने फक्त आईचं दूध द्या असं सगळेच डॉक्टर सांगतात, आपल्याकडे उष्टावणही त्याच सुमारास. म्हणजे बरोब्बर उष्टावण करून कामावर जायचं असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत लोकलने ये-जा करायची. कागदावर किती सुंदर दिसतं ते.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. आत्ता मी एक दिवस घरी आडवी झाले की तो दिवस थेट ऑक्टोबरमधून कापला जातो. पाय सुजले म्हणून आराम केला तर तो बाळाच्या वाटचा आराम, असं गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात चाललंय. लोकही तसंच बोलतात, "आत्ता कशाला वाया घालवतेस सुट्टी, नंतर बाळासोबत घालव." वाया! हे शेवटचे आठवडे म्हणजे बाळंतपणच नव्हे, रिकामा वेळच आहे जणू. मला हे पटत नाही. ज्यांनी आठ आठवडे आधीची सोय करून ठेवली त्यांनी काहीतरी बघूनच ठेवली असणार ना, की या दिवसांत बाईचं शरीर थकतं. पण मग त्यासाठीचे दिवस वेगळे द्यायचे, एकाच डब्यातून दोघांनी खा असं का? असो. कायदा मी बदलू शकत नाही, तारीख तेवढी ठरवू शकते.

ऑफिसमधलं काम तसं जड नाहीये, हे मान्य करायला पाहिजे. बसून काम. प्यूनकाकांनी न सांगता माझ्या टेबलाखाली ए-फोरच्या रिमांचा एक भरलेला खोका आणून ठेवलाय पाय ठेवायला, वर जुनी बेडशीट घडी करून. दर सोमवारी बघतात खोका जागेवर आहे का, मध्ये कोणीतरी त्यातला कागद काढून प्रिंटरला लावला तर त्याला चांगलंच झापलं. एसीचं तोंड पण त्यांनीच पुठ्ठा लावून वळवलं. दर तासाला उठून पाणी भरायला जाते, बाथरूमला तर त्याच्याही आधी जावं लागतं.

खरा प्रश्न प्रवास. डोंबिवली ते परळ. सकाळचं ठीक आहे, डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडते, आणि आमच्या गाडीच्या ग्रुपमधली कोणीतरी खिडकी धरून ठेवते. सातव्यात याच बायकांनी गाडीत माझी ओटी भरली. मुंब्रा गेल्यावर सुरुवात केली, हिरव्या बांगड्या, गजरा, नारळ, एकीने घरून करंज्या आणलेल्या, दोन वाट्या झाकून पेढा की बर्फी ते पण केलं (बर्फी निघाली!), घाटकोपरला चढणाऱ्या बायकांना उभं राहायला जागा नाही आणि आमचं आत गाणं चाललंय, तर त्यातलीच एक ओरडायच्या ऐवजी पर्समधून दहाची नोट काढून माझ्यावरून ओवाळायला लागली. घरच्या डोहाळजेवणाचे फोटो हजार निघाले, गाडीतला एकच आहे आणि त्यात माझा अर्धा चेहरा कोणाच्या तरी कोपराआड, तरी तोच मी वॉलपेपरला ठेवलाय.

पण संध्याकाळी ग्रुप नसतो, प्रत्येकीची सुटायची वेळ वेगळी. परळहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला मिळतं, ती चुकली की मागून भरून आलेलीत चढायचं. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना चालतं, बरेच दिवस त्यातूनच येते, लोक उठून जागाही देतात. पण त्या डब्यापर्यंत पोचायचं कसं, पुलाच्या पायऱ्या आहेतच, आणि धक्का मारणाऱ्याला मागून माझं पोट दिसत नाही. परवा दादरला एक पोरगा गाडी थांबायच्या आत आत घुसला आणि त्याची सॅक पोटाला घासून गेली. लागलं काहीच नाही. पण डोंबिवली येईपर्यंत मी एका हाताने पोट धरून बसले होते आणि बाळ हललं की नाही तेवढंच मोजत होते. कोपर स्टेशनला आतून एक लाथ बसली तेव्हा श्वास सोडला.

बाकी सल्ले तर विचारू नका. प्रत्येकीकडे एक गोष्ट आहे आणि प्रत्येकीला वाटतं तोच नियम. सेल्समधली एक शेवटपर्यंत आली आणि तिची पिशवी मीटिंगमध्येच फुटली, ती आता हसत सांगते. दुसरीने बत्तिसाव्या आठवड्याला सुट्टी घेतली आणि तिचं बाळ तारीख उलटून आठवडा झाला तरी येईना, ती म्हणते घरात बसून बसून मी वेडी झाले, भिंती मोजल्या. सासूबाईंचं म्हणणं आठव्यात घराबाहेर पडूच नये, सातवा आणि नववा चालतो पण आठवा वाईट. आई साताऱ्याहून रोज फोन करते, पहिलं बाळंतपण माहेरीच, ये निघून. पण नाव इथल्या हॉस्पिटलमध्ये नोंदवलंय, पहिल्यापासूनच्या सगळ्या सोनोग्राफ्या इथे, आता या महिन्यात साताऱ्याचा प्रवास आणि नवीन डॉक्टर मला नकोय. यावरून आई दोन दिवस नीट बोलली नाही. मग म्हणाली बरं, मीच येते, डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन, पण तुझ्या बाबांना चहा सोडून काही करता येत नाही त्याचं काय. बाबा मागून ओरडले, खिचडी येते मला!

शेवटी काल डॉक्टर मॅडमनाच सरळ विचारलं. त्यांनी बीपी बघितलं, पाय दाबून सूज बघितली, ग्रोथ स्कॅन वाचला, हिमोग्लोबिन गोळ्यांनी वर आलंय ते बघून खूश झाल्या. म्हणाल्या, "सगळं छान आहे, काम करायला माझी ना नाही, पण काम करणं आणि लोकलने जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू दोन्ही एकत्र विचारतेयस." मी गप्पच. खरंच की, मी इतके दिवस एकच प्रश्न धरून बसले होते. मग म्हणाल्या छत्तीसनंतर दर आठवड्याला इकडे यायचंच आहे, आणि डोकं जोरात दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, चेहरा सुजला, बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर एक्सेल बंद करून तडक यायचं. (एक्सेलचं त्यांना नवऱ्याने सांगितलं. घरी आल्यावर बोलले त्याला.)

तर आता असं ठरवलंय. सोमवारपासून आठवडाभर ऑफिसला जाऊन हँडओव्हरचं बघायचं, सोळा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत घरून काम, लॅपटॉप आहे, व्हीपीएन आहे, व्हाउचरच्या फायली तेवढ्या स्कॅन करून घेते. ३१ मार्चला बुक्स माझ्याच हाताने बंद करायची हा हट्ट आहे, वर्षभराचं काम आहे माझं ते, दुसऱ्या कोणी शेवटच्या दिवशी येऊन सही ठोकलेली मला बघवणार नाही. १ एप्रिलपासून १२ पर्यंत माझ्या शिल्लक पीएल (भरपगारी रजा) लावायच्या, त्या नाहीतरी पडून आहेत. मॅटर्निटी १३ एप्रिलपासून, आणि बाळ आधी आलं तर ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून. म्हणजे १२ ऑक्टोबरला जॉइन. उष्टावणाला दहा-बारा दिवस कमी पडतील, पडू देत, त्या दिवशी एक रजा टाकेन. ते पीएलचे दिवस माझे. झोपेन, पाय वर करून पडेन, बाळंतविड्यातल्या दुपट्यांना घड्या घालेन किंवा काहीच करणार नाही, त्याचा हिशोब ऑक्टोबरशी लावायचा नाही असं स्वतःला बजावलंय. जमेल का माहीत नाही, मी हिशोबनीस बाई.

मेल लिहिताना मात्र तीन वेळा खोडलं. आधी लिहिलं "आपणास गैरसोय होणार नाही अशा प्रकारे", मग म्हटलं का? मी काय काश्मीरला चाललेय का? ते वाक्य काढलं. तारखा, कोणाकडे कुठलं काम, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय, आणि डिलिव्हरीच्या आधीच्या दिवसांचा पगार आगाऊ आणि उरलेला डिलिव्हरीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत द्यायचा असतो तेही एचआरला सीसी करून लिहिलं, कारण त्या मुलीला तेही माहीत नसणार.

साहेबांचा रिप्लाय दहा मिनिटांत आला, शनिवारी संध्याकाळी, यावरूनच कळतं मार्च आहे ते. "अप्रूव्ह्ड. टेक केअर. फिक्स्ड ॲसेट रजिस्टर हँडओव्हरमध्ये दिसत नाही, ते कोणाकडे?"

तेच तर. ते कोणालाच नकोय. सोमवारी गेल्यावर आधी त्या नवीन पोराला पकडते.