गोलकीपरची पिशवी उपसताना

शुक्रवार, रात्री

आइस हॉकीचा हंगाम संपला की पिशवी तळापासून उपसायची, हे काम मी कितीही पुढे ढकललं तरी नाक आठवण करून देतंच. आज सगळं बाहेर काढून जमिनीवर मांडलं. पायांचे पॅड, छाती-खांद्यांचा प्रोटेक्टर, काठीच्या हातावरचा ब्लॉकर, झेलायच्या हातातला कॅचर, पँट, मास्क, गळपट्टा, स्केट. शेजारी शेजारी मांडल्यावर दिसतं की ही काही एका वयाची मंडळी नाहीत. चामड्याचे पॅड माझ्याहून मोठे आहेत. एका निवृत्त गोलकीपरकडून आलेले, बिनरंगाच्या चामड्याचे, तेल पिऊन पिऊन तपकिरी झालेले. प्रोटेक्टर सिंथेटिक, मधल्या पिढीतला. मास्क त्या मानाने अलीकडचा.

प्रत्येकाचं म्हातारपणही निराळं. चामडं कोरडं पडून तडकतं. फोमचा वरून काही न दिसता आतल्या आत भुगा होतो. मास्कची तारेची जाळी सांध्यात गंजते, इलॅस्टिक जीव सोडतं. त्यामुळे एकच बादली, एकच साबण आणि सगळ्याला सरसकट अंघोळ हा प्रकार इथे चालत नाही.

ड्रेसिंग रूममध्ये बाकीचे खेळाडू माझ्यापासून जरा अंतर राखून बसतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. सगळ्यात जास्त सामान अंगावर घालून पूर्ण ६० मिनिटं बर्फावर गोलकीपरच असतो. घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. फोमच्या छिद्रांत आणि कापडाच्या धाग्यांत मुक्काम ठोकलेले जिवाणू तो घाम आणि गळलेली त्वचा खातात, त्यातून आम्लं तयार होतात, आणि तो आंबूस दर्प त्या आम्लांचा. ऊब आणि ओल मिळाली की त्यांचं भागतं, आणि बंद पिशवीत दोन्ही असतं. अशा वेळी वरून सुगंधी फवारे मारणं म्हणजे दर्पात दर्प मिसळणं. कडाक्याच्या थंडीत पिशवी बाहेर ठेवली की जंतू मरतात, असंही काही जण छातीठोकपणे सांगतात. मरत नाहीत, बहुतेक नुसते गारठून पडून राहतात आणि पुढच्या सामन्यात अंगाची ऊब लागली की कामाला लागतात.

हा प्रश्न फक्त नाकाचा असता तर मी एवढी मागे लागले नसते. कोपरावर किंवा गुडघ्यावर खरचटलेलं असेल आणि त्यावर असं ओलं, कुबट सामान घासलं गेलं, तर स्टॅफिलोकोकससारखे जंतू आत शिरायला वाट मिळते. खेळाडूंमध्ये असे त्वचेचे संसर्ग पसरतात आणि काही औषधांना दाद देत नाहीत.

आज धुणं काही नाही. सगळं उलगडून, बाह्या उलट्या करून, आतले सुटे फोम बाहेर ओढून पंख्यासमोर ठेवलं. माझं ठाम मत आहे की या कामात धुण्याचा वाटा थोडा आणि वाळवण्याचा मोठा. प्रत्येक खेळानंतर लगेच टांगलेलं सामान वर्षातून एकदा धुतलं तरी चालतं, आणि ओलं कोंबलेलं सामान दर महिन्याला धुऊनही वास सोडत नाही. हीटरजवळ मात्र काही ठेवायचं नाही. गरम हवेने गोंद सुटतो, चामडं लाकडासारखं होतं.

शनिवार

सकाळी प्रोटेक्टर आणि पँट टबात. पाणी कोमट, साबण सौम्य, तोही बेताचा, कारण फोममध्ये शिरलेला फेस बाहेर काढताना हात भरून येतात. अर्धा तास भिजू दिलं, मग तळव्यांनी दाबत राहिले. पिळायचं नाही, पिळलं की आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि शिवणी दोन्हींवर ताण येतो. पाण्याचा रंग काय झाला ते लिहीत नाही. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातलं. क्लोरीनचं ब्लीच मी घरातच ठेवत नाही. ते नायलॉन आणि इलॅस्टिक कमजोर करतं, आणि चुकून व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कुबट सामानासाठी ओझोनची पेटी वापरायचा सल्ला मिळतो. तिने वास जातो हे खरं, पण ओझोन रबराला तडे पाडतो, आणि जुन्या सामानातलं इलॅस्टिक आधीच शेवटच्या घटका मोजत असतं.

दाबताना बोटं आपोआप तपासणी करतात. डाव्या खांद्याच्या टोपीखाली एक जागा लागली जिथे फोम दाबल्यावर परत वर येत नाही. बाहेरून सगळं ठीकठाक, शिवण शाबूत. शिवण थोडी उसवून पाहिलं तर पिवळट, चिकट भुगा. जुना पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने असाच विघटित होतो, वापरा किंवा न वापरा. तेवढा तुकडा काढून त्याच जाडीचा नवा, बंद छिद्रांचा फोम कापून बसवायचा आहे. पाण्यात घातलं नसतं तर हे मला एखाद्या सणसणीत शॉटनंतर कळलं असतं. पक म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या रबराची १५६ ते १७० ग्रॅमची चकती, तीही सामन्याआधी गोठवून घट्ट केलेली.

दुपारी ब्लॉकरवरचे काळे डाग. पकचं रबर घासून उमटलेले ते ओरखडे. सिंथेटिक कातड्यावरून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने निघतात. मेलामाइनच्या स्पंजनेही निघतात, पण तो बारीक सँडपेपरसारखा घासतो, म्हणून हलक्या हाताने. अ‍ॅसिटोन लावलं तर डागाबरोबर वरचा थरही जातो. मी ब्लॉकरचे अर्धेच डाग काढले. छापलेलं नाव दिसू लागलं तिथे थांबले. बॉस्टन ब्रुइन्स संघाचा गोलकीपर गेरी चीव्हर्स याने तर मास्कवर पक जिथे जिथे लागला तिथे तिथे टाके रंगवून घेतले होते. मास्क नसता तर हे टाके तोंडावर पडले असते, हा त्यामागचा विनोद. तेव्हा थोडे डाग ब्लॉकरवर राहिले तर बिघडलं कुठे?

रविवार

आजचा दिवस चामड्याच्या पॅडचा. हे काम घाईत होत नाही आणि मला ते घाईत करायचंही नसतं.

सुरुवातीच्या काळात आइस हॉकीचे गोलकीपर चक्क क्रिकेटचे पॅड बांधत. १८९६ साली विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा जॉर्ज मेरिट स्टॅन्ली कप या आइस हॉकीतल्या मानाच्या चषकाच्या सामन्यात ते बांधून उतरला होता. क्रिकेटचा पॅड पायाभोवती गोलाईने बसतो, त्यामुळे पक त्यावरून भलतीकडे घसरतो. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एमिल केनेस्की नावाचा घोड्यांचं सामान बनवणारा कारागीर होता. त्याने १९२०च्या दशकात रुंद, सपाट, चामड्याचे, आत केस भरलेले पॅड बनवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं गोलकीपरचे पॅड म्हणजे हेच रूप राहिलं. माझे पॅड त्याच घराण्यातले. खोगीर बनवणाऱ्याच्या हातून जन्मलेल्या वस्तूला खोगिराचाच साबण मानवतो यात नवल नाही.

आधी कोरड्या ब्रशने धूळ आणि शिवणीतली माती काढली. मग सॅडल सोप, स्पंज जेमतेम ओला. या पॅडना टबात घालायचं नाही म्हणजे नाही. आतले केस पाणी शोषतात, त्यांचे गोळे होतात आणि गाभा लवकर वाळत नाही, मग बाहेरून स्वच्छ आणि आतून कुजलेला पॅड हातात राहतो. चामड्याच्या काळातले गोलकीपर सांगत की सामना संपेपर्यंत पॅड पाणी पिऊन जड होत. कशामुळे, ते हे पॅड उचलून पाहिलं की कळतं.

पितळी बकलांच्या आणि रिव्हेटच्या कडेने हिरवं, मेणचट काहीतरी जमतं. बुरशी समजून त्याला फिनेल लावणारे पाहिले आहेत. ते बुरशी नसून पितळातलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगातून तयार झालेला गंज असतो. लाकडी काडीने खरवडून कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. चामड्याला तेल लावणं हाही मोह आवरायचा प्रकार. कंडिशनरचा एक पातळ हात, रात्रभर मुरू द्यायचा, उरलेलं पुसून टाकायचं. भरमसाठ तेल चामड्यातून आतल्या भरावात उतरतं, पॅड वजनदार होतो आणि शिवणीची भोकं सैलावतात. एका पट्ट्याच्या टोकाला बोट लावलं तर लालसर भुकटी निघाली. तिथे चामडंच मेलेलं आहे, कोणतंही तेल ते जिवंत करणार नाही. पट्टा बदलायचा.

मग भराव. वर्षानुवर्षं उभे राहून केस खाली बसतात, मांडीवरचा भाग रिकामा आणि घोट्यावरचा बोजड होतो. मागची शिवण वरून थोडी उसवली, आतले केस बोटांनी पिंजून मोकळे केले, वर सरकवले, कमी पडले तिथे लोकरी फेल्टचे तुकडे भरले. वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, जुन्याच भोकांतून परत शिवलं. नवी भोकं पाडली की जुनं चामडं पोस्टाच्या तिकिटांसारखं त्या रेषेवर फाटतं.

या पॅडवर पक आदळला की ‘धप्’ असा बसका आवाज येतो आणि पक पायाशीच पडतो. केस आघात गिळून टाकतात. आताच्या फोमवरून तो सणकून परत जातो. ते मुद्दाम केलेलं असतं, पक समोरच्या खेळाडूच्या काठीपासून लांब उडावा म्हणून. मला तो बसका आवाज फार आवडतो, पण त्या आवडीला मर्यादा आहे. हे पॅड १० इंच रुंद, उभं राहून पाय झटकणाऱ्या गोलकीपरसाठी बनलेले. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १९८९ साली रुंदी १२ इंचांपर्यंत गेली आणि २००५ साली ११ वर आणली गेली. प्रश्न नुसत्या रुंदीचाही नाही. मी गुडघे टेकून, पाय बाजूंना पसरून अडवायच्या बटरफ्लाय शैलीत खेळते, आणि या पॅडना आतल्या बाजूला गुडघा टेकायला गादीच नाही. त्यामुळे हे फक्त ओळखीपाळखीच्या, हलक्या खेळासाठी, एरवी माझे सिंथेटिक पॅड.

सोमवार

मास्क. इथे मात्र आठवणी, माया वगैरे बाजूला.

१ नोव्हेंबर १९५९ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट मॉन्ट्रियलचा गोलकीपर जाक प्लांत याच्या तोंडावर बसला. टाके घालून परत येताना मास्क घातल्याशिवाय खेळणार नाही असं त्याने सांगितलं. प्रशिक्षक टो ब्लेकला मास्क मुळीच पसंत नव्हता, पण दुसरा गोलकीपर हाताशी नव्हता. मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला. फायबरग्लासचा तो साधा मुखवटा आज कोणी सरावालाही घालणार नाही, आणि तसे जुने मास्क भिंतीवरच शोभतात.

माझा मास्क आधी उघडा केला. स्क्रू काढले, जाळी वेगळी, घामपट्टी वेगळी. कवच सौम्य साबणाने पुसलं, थिनर वगैरे काही नाही, कारण तसली द्रावणं रंगाखालच्या रेझिनपर्यंत पोचू शकतात. मग प्रकाशात तिरकं धरून बघितलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा बहुतेकदा वरच्या रंगाच्या असतात. रेष आतल्या बाजूलाही दिसली, किंवा अंगठ्याने दाबल्यावर कवच तिथे लवलं, तर मास्क बाद. आत-बाहेर सगळं तपासलं. कवच ठीक आहे.

जाळी ठीक नाही. हनुवटीजवळ दोन तारा मिळतात तिथे जोडाखाली गंज आहे आणि एक तार किंचित आत वळली आहे. पकडीने सरळ करता येईल, पण करणार नाही. वाकून परत सरळ केलेली तार त्याच जागी थकलेली असते.

गळपट्टाही गेला. वरचं कापड विरलंय आणि आतला अरामिड धाग्याचा थर बाहेर डोकावतोय. हा धागा कापू देत नाही म्हणूनच त्याची किंमत, आणि ऊन व ब्लीच हे त्याचे शत्रू. आधी ज्याच्याकडे होता त्याने तो उन्हात वाळवला असावा, रंगावरून तरी तसं दिसतं. २२ मार्च १९८९ला बफेलो सेबर्सचा गोलकीपर क्लिंट मालार्चुक याच्या गळ्याची शीर समोरच्या खेळाडूच्या स्केटने कापली गेली होती. धावत आलेल्या ट्रेनरने हाताने शीर दाबून धरली म्हणून तो वाचला. गळपट्टा कात्रीने दोन तुकडे करून टाकला, नाहीतर कोणीतरी उचलून वापरेल.

बुधवार

स्केटची पाती पुसून, रिव्हेट हलतात का बघून ठेवली. त्यांचं एवढंच.

कॅचरच्या खिशाची दोरी सगळी काढून नवी ओवली. मेण लावलेली स्केटची लेस वापरली, ती ओली झाली तरी कमी ताणते. हा हातमोजा बेसबॉलकडून आला. १९४०च्या दशकात एमिल फ्रान्सिसने पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा मोजा घेऊन त्याला मनगटाचं संरक्षण जोडलं होतं. खिसा दोरीवर उभा असतो, आणि एक फेरा सैल राहिला तरी पक आत येऊन बाहेर घरंगळतो. त्यामुळे ओवून झाल्यावर भिंतीवर पक मारून झेलत बसले. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं.

वेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेला लोकरीचा कचरा जाड सुईने एकेक ओढून काढला. कंटाळवाणं काम आहे, पण नव्या पट्टीपेक्षा साफ केलेली जुनी पट्टी कित्येकदा बरी धरते. प्रोटेक्टर बाहेरून केव्हाच वाळला होता, काखेतला फोम दाबला तर अजून गार लागतो. म्हणजे आत ओल आहे. परत पंख्यासमोर, या वेळी उलटा.

जाळीचं माप आणि स्क्रूंमधली अंतरं लिहून ठेवली आणि नवी मागवली. ती येईपर्यंत गोलमध्ये उभी राहणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी तयार करा, असं संघाला कळवलं. लगेच उलट निरोप आला, ‘मग तुझे पॅड देशील का?’ म्हटलं, सिंथेटिकचे घेऊन जा, आणि खेळ झाल्यावर पिशवीत कोंबू नकोस.