तुम्ही विचारलंत म्हणून : टोरंटोच्या थंडीसाठी मुंबईतून काय न्यावं?

परदेशी प्रवेश निश्चित झाले की मुंबईतल्या आईवडिलांचा हमखास प्रश्न येतो, "मुलगी टोरंटोला चाललीय, जाड जॅकेट इथूनच घेऊ ना?" नका घेऊ. अंगालगतचे कपडे इथून न्या, कोट तिथे घ्या.

मुंबईत मिळणारी बरीचशी जॅकेटं मनालीच्या चार दिवसांच्या सहलीपुरती असतात. टोरंटोत जानेवारीत पारा उणे १० पर्यंत सहज उतरतो, आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर तीच थंडी अंगाला उणे २० सारखी लागते. म्हणून कोट वारा अडवणारा हवा. कंबरेच्या खाली येणारा, डोक्यावर टोपी, चेनवर झाकपट्टी आणि बाहीच्या आत मनगटाला धरून बसणारी विणलेली पट्टी. ती पट्टी नसली तर वारा थेट कोपरापर्यंत शिरतो. जानेवारीतच उतरणार असाल तर विमानतळ ते घर एवढ्यासाठी थर्मल, फ्लीस (लोकरीसारख्या मऊ, उबदार कापडाचं जॅकेट) आणि वर आपला पावसाळी विंडचीटर चालून जातो. पण पहिल्याच दोन दिवसांत कोट घ्या.

खरा घोळ आतल्या थरात होतो. सुती बनियन आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की थर्मलच्या आतही घातलं जातं. बस पकडायला धावलं की कोटाच्या आत घाम येतो, सुती कापड तो पिऊन ओलंच राहतं, आणि थांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. वरचा कोट कितीही महाग असो, हुडहुडी भरतेच. त्यामुळे अंगाला थेट मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, तीन जोड पुरेत. त्यावर फ्लीस, पण पुढून पूर्ण चेनचंच. वर्गात, दुकानात, गाडीत हीटर चालू असतात. आत शिरताच चेन उघडता आली पाहिजे.

बूटही तिथेच घ्या, जाड लोकरी मोजा घालून मापा. आत बोटं हलली पाहिजेत. थंडी वाजते म्हणून एकावर एक दोन मोजे कोंबले तर उलट पाय जास्त गारठतात, कारण ऊब धरणारी हवा दाबली जाते आणि रक्तही नीट फिरत नाही. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग चामड्यावर पडतात. पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन त्याच संध्याकाळी पुसा.

मार्च-एप्रिलमध्ये बर्फाचा चिखल आणि वर पाऊस. तेव्हा जलरोधक बूट आणि विंडचीटर लागतो, कोट तरीही हाताशीच ठेवा. आत पिसं भरलेला कोट धुतलात तर ड्रायरमध्ये कमी तापमानावर दोन-तीन टेनिस बॉल टाकून सुकवा. नाहीतर पिसांचे गोळे होतात आणि त्या जागी कोट ऊब धरत नाही.