आधी उघडेना, मग लागेना

काल संध्याकाळी गाडी धुतली हा माझाच शहाणपणा. रात्री पारा शून्याच्या खाली गेला आणि सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मी गाडीसमोर उभी. रिमोट दाबला, आतून टक् आवाजही आला, म्हणजे लॉक उघडलं, पण दार ढिम्म हलेना.

मग काय, हँडल धरून ओढ की ओढ. इथेच सगळे चुकतात. अशा वेळी बरेचदा लॉक गोठलेलंच नसतं, दाराच्या कडेचं जे काळं रबर असतं ना त्यावरच्या पाण्याचा बर्फ होतो आणि दार बॉडीला चिकटून बसतं, आणि आपण सगळा राग बिचाऱ्या प्लॅस्टिकच्या हँडलवर काढतो, मग ते एक दिवस हातात येतं (माझ्या आलंय, जाऊ दे तो विषय). खरं म्हणजे दार आधी आत ढकलायचं. खांदा लावा, कंबर लावा, पण कडेकडेने दाबा. चर्रर्र असा बारीक आवाज येतो, बर्फाचा पापुद्रा तुटतो, काय समाधान वाटतं सांगू!

तेवढ्यात खिडकीतून नवऱ्याचा सल्ला, उकळतं पाणी ओतू का? अजिबात नको रे बाबा, गार काचेवर गरम पाणी पडलं तर काच तडकायची, आणि तेच पाणी ओघळून कुलपात जाऊन परत गोठणार. किल्लीच्या भोकात फुंकर मारण्याचंही तेच, वाफ म्हणजे शेवटी पाणीच. त्यापेक्षा किल्लीला सॅनिटायझर चोपडून आत घालावी, अल्कोहोल इतक्या थंडीत गोठत नाही. रबराला लावायचा सिलिकॉन स्प्रे मी आणलाय की, मोठ्या हौसेने. गाडीच्या आत, ड्रॉवरमध्ये आहे.

तर शेवटी दार उघडलं. आत बसले, ओढून घेतलं, तर लागेना! आतली खिट्टी गोठलेली, दार आपटलं की परत बाहेर. आता असं गाडी चालवणं शक्यच नाही, म्हणून एका हाताने दार धरून, दुसऱ्याने हीटर फुल करून बसून राहिले. दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन, निघालीस का?

म्हटलं, गाडीतच आहे.